परभाषेच्या उंबरठ्यावर

गणित सोपे असले, की तुम्ही काय म्हणता? "हे गणित म्हणजे माझ्या डाव्या हाताचा मळ!" असे म्हणता. जपानमधील तुमच्या वयाच्या एखाद्या मुलाला हेच सांगावयाचे असेल, तर तो म्हणेल, "आसामेशी माए." या शब्दांचा सरळ अर्थ 'सकाळच्या जेवणापूर्वी' असा आहे. पोटात अन्नाचा कण नसताना, न्याहारीला बसण्याआधीच जे काम उरकून टाकता येते, ते काम सोपे, हा त्यातील भाव. आणि इंग्रज मुलगा काय म्हणेल? तो म्हणेल, "अ पीस ऑफ केक." म्हणजे केकचा तुकडा!

आता अशी कल्पना करा, की तोक्यो शहरातील एक मुलगा तीन वर्षे इंग्रजी शिकला आहे. त्याने शब्द पाठ केले आहेत, क्रियापदांची रूपे घोटली आहेत, वहीत सुंदर अक्षरांत वाक्ये लिहिली आहेत. एके दिवशी त्याची एका इंग्रज मुलाशी गाठ पडते. "परीक्षा कशी झाली?" असे तो विचारतो, आणि उत्तर येते, "केकचा तुकडा!" बिचारा जपानी मुलगा इकडेतिकडे पाहू लागतो. केक त्याला ठाऊक आहे, तुकडा ठाऊक आहे. पण परीक्षेत केक कोठून आला, हे काही केल्या त्याच्या ध्यानात येत नाही. सारे शब्द कळले, आणि बोलणे मात्र कळले नाही!

या मुलाला आपण हसावे काय? माझ्या मते मुळीच हसू नये. उलट त्याच्या जागी स्वतःला ठेवून पाहावे. कारण तो जेथे अडला आहे, तेथे परकी भाषा शिकणारा प्रत्येक मनुष्य कधी ना कधी अडतोच. त्या उंबरठ्यावर काही जण लाजून मागे फिरतात, आणि काही जण ठेच लागली तरी आत शिरतात. आत शिरणारे कोण असतात आणि त्यांच्यापाशी असे काय असते, याविषयी मला आज तुमच्याशी थोडे बोलावयाचे आहे.

प्रथम वाक्प्रचार म्हणजे काय, ते पाहू. भाषेतील साधे शब्द कोशात सापडतात. परंतु वाक्प्रचार हे लोकांच्या घरात, शेतात, समुद्रावर आणि स्वयंपाकघरात जन्माला येतात. मोठा पाऊस पडू लागला, की आपण 'मुसळधार पाऊस' म्हणतो. ज्या घरोघरी मुसळाने धान्य कांडले जात होते, त्या घरांतूनच हा शब्द आला. अशा पावसाला जपानी लोक 'दोशाबुरी' म्हणतात. ज्या अक्षरांनी ते हा शब्द लिहितात, त्या अक्षरांचा अर्थ मातीवाळूची वृष्टी असा होतो. इंग्रजीत तर आकाशातून चक्क कुत्री आणि मांजरे पडतात! पाऊस तोच, भिजणारी माणसेही सारखीच. पण तो पाहणाऱ्या तीन समाजांच्या डोळ्यांपुढे तीन निरनिराळी चित्रे उभी राहिली.

खुशामतीचेही असेच आहे. मोठ्या माणसाची स्तुती करून आपला कार्यभाग साधणारा मनुष्य आपल्याकडे 'लोणी लावतो'. इंग्रजीतही तो लोणीच लावतो. जपानी मनुष्य मात्र 'तीळ वाटतो'. त्यांच्या स्वयंपाकात लोण्याला जुन्या काळी स्थान नव्हते. तीळ मात्र घरोघरी खलात वाटले जात असत. वाटताना तीळ खलाच्या सर्व बाजूंना चिकटतात, तसा हा मनुष्य सर्वांना चिकटतो! अतिशय कामात असलेली जपानी गृहिणी म्हणते, "मांजराचे हातदेखील उसने घ्यावेसे वाटतात." मांजर काही भांडी घासू लागणार नाही, हे तिला ठाऊक असते, पण एवढ्या एका वाक्याने तिची धांदल डोळ्यांपुढे उभी राहते.

म्हणून मी म्हणतो, की दुसऱ्या भाषेतील वाक्प्रचार शिकणे म्हणजे त्या लोकांच्या घरात पाहुणा म्हणून जाणे होय. त्यांची चूल कोठे आहे, ते काय खातात, कशाला भितात, कशाला हसतात, हे तेथे गेल्यावाचून समजत नाही. नुसता कोश उशाशी ठेवून हे ज्ञान मिळत नाही.

जपानी मनुष्याला तर या घराची वाट विशेष अवघड आहे. एक तर त्याच्या भाषेचा साचा इंग्रजीहून अगदी वेगळा आहे. आपण म्हणतो, "मी पाणी पितो." जपानी मनुष्यही याच क्रमाने बोलतो: मी, पाणी, पितो. त्याचे क्रियापद आपल्या क्रियापदाप्रमाणेच वाक्याच्या शेवटी येते. इंग्रजीत मात्र 'पितो' आधी आणि 'पाणी' मागाहून. तेव्हा इंग्रजी वाक्य रचताना जपानी विद्यार्थ्याला आणि तुम्हालाही मनातल्या मनात सारे सामान उचलून दुसऱ्या जागी मांडावे लागते.

दुसरी अडचण उच्चारांची. जपानी भाषेत बहुतेक प्रत्येक व्यंजनाबरोबर स्वर येतो. जोडाक्षरांची गर्दी तिला सोसत नाही. 'मिल्क' हा शब्द जपानी तोंडी 'मिरुकु' होतो. 'स्ट्राइक' हा इंग्रजीतील एका दमात उच्चारला जाणारा शब्द जपानी भाषेत गेला आणि त्याचे 'सुतोराइकु' असे पाच मात्रांचे लांबलचक रूप झाले. गंमत अशी, की हाच शब्द तेथे दोनदा गेला. बेसबॉलच्या खेळातील तो 'सुतोराइकु', आणि कामगारांचा संप तो 'सुतोराइकी'. एकाच बीजाची दोन झाडे झाली!

त्यातही 'र' आणि 'ल' यांनी जपानी माणसाला फार छळले आहे. त्याच्या भाषेत हे दोन वेगळे वर्ण नाहीत. दोहोंच्या मधला असा एकच वर्ण आहे. लहानपणापासून जो भेद कानांनी कधी ऐकला नाही, तो जिभेला कसा साधावा? उपाहारगृहात जाऊन तो 'राइस', म्हणजे भात, मागतो. आणि ऐकणाऱ्याला 'लाइस', म्हणजे उवा, असे ऐकू येते. भोवतालची माणसे खो खो हसतात. त्या क्षणी त्या माणसाची भूक मरते. पुढच्या वेळी तो भात मागत नाही. काही मागावयाचे झाले, तर बोटानेच दाखवितो. लोकांचे हसणे घटकाभरात संपले. पण त्याचे तोंड कायमचे बंद झाले.

आपल्या जिभेविषयी आपण फार अभिमान बाळगू नये. इंग्रजीत 'व'सारखे दोन वेगळे उच्चार आहेत; एक खालच्या ओठाला दात टेकवून करावयाचा आणि दुसरा ओठांचा चंबू करून. आपण मराठी माणसे दोहोंसाठी सर्रास एकच 'व' वापरतो, आणि आपली चूक आपल्या कानांना कळतही नाही.

तिसरी अडचण रीतिभातींची. जपानी भाषेत 'सुमिमासेन' असा एक शब्द आहे. चूक झाली, की तो म्हणतात. आणि कोणी उपकार केले, तरीही तो म्हणतात. 'माझ्यामुळे आपणांस त्रास पडला' असा त्यातील नम्र भाव. आता आगगाडीत एखाद्याने जपानी वृद्धेला बसावयास जागा दिली, आणि तिने 'सुमिमासेन'चे सरळ भाषांतर करून "आय अ‍ॅम सॉरी" म्हटले, तर इंग्रज मनुष्य गोंधळून जाईल. या बाईंनी माझा काय अपराध केला, असे त्याला वाटेल! तसेच, "चहा नको ना?" असे कोणी इंग्रजीत विचारले, तर जपानी पाहुणा "होय" म्हणतो. त्याच्या मनात असते, "होय, आपले म्हणणे बरोबर आहे, मला चहा नको." यजमान मात्र त्या 'होय'चा उलट अर्थ घेऊन पेला भरतो!

या अडचणींतून वाट काढताना जपानी लोकांनी असंख्य इंग्रजी शब्द आपल्याकडे आणले, आणि त्यांना आपल्या घरचे कपडे चढविले. इंग्रजीत 'मॅन्शन' म्हणजे मोठा वाडा. जपानी 'मान्शोन' म्हणजे अनेक कुटुंबे राहतात अशा इमारतीतील बिऱ्हाड. रात्री दिव्यांच्या प्रकाशात होणाऱ्या बेसबॉलच्या सामन्याला त्यांनी 'नाइता' असे नाव दिले. नोकरदार माणसाला ते 'सारारीमान' म्हणतात. हा शब्द तर पुढे इंग्रजी कोशांतही जाऊन बसला. आणखी एक मौजेचा शब्द आहे: 'पेपा दोराइबा', म्हणजे कागदी वाहनचालक. ज्याच्या खिशात मोटार चालविण्याचा परवाना आहे, पण जो मोटार कधी रस्त्यावर काढीत नाही, त्याला हे नाव दिले आहे.

काही लोक अशा शब्दांची थट्टा करतात. ही मोडकीतोडकी इंग्रजी आहे, असे ते म्हणतात. मला हे म्हणणे पटत नाही. जे शब्द एका समाजाने आपल्या गरजेसाठी घडविले आणि आपल्या घरात वापरले, ते त्या समाजाचे झाले. त्यांना परक्या मापाने मोजणे योग्य नव्हे. आपणही असेच केले आहे. 'रिक्षा' हा शब्द तुम्ही मराठी मानता. पण तो मूळचा जपानी आहे. माणसाच्या बळाने चालणारी गाडी ती 'जिन-रिकी-शा'. तिचे शेपूट तेवढे आपल्याकडे आले, आणि आज माणसाऐवजी यंत्राने चालणाऱ्या गाडीलाही आपण तेच नाव देतो. पोर्तुगीज लोकांनी आपल्याला 'पाव' दिला; त्यांनीच जपानी लोकांना तो दिला, आणि तेथे त्याचे नाव 'पान' झाले. शब्द हे असेच प्रवासी असतात. विद्यार्थ्याने एवढेच ध्यानात ठेवावे, की आपल्या घरी रुळलेला शब्द मूळ घरी परत नेला, तर तेथे तो ओळखला जाईलच असे नाही. आपण 'मान्शोन'मध्ये राहतो असे सांगणाऱ्या जपानी माणसाला ऐकणारा इंग्रज एखादा सरदार समजेल!

आता ज्यांनी हा उंबरठा ओलांडला, अशा तीन माणसांच्या गोष्टी ऐका.

पहिला एका कोळ्याचा मुलगा. त्याचे नाव मांजिरो. इ. स. १८२७ मध्ये जपानमधील तोसा प्रांतातील एका खेड्यात तो जन्मला. घरी दारिद्र्य, शाळेचे तोंडही त्याने पाहिले नव्हते. १८४१ साली, वयाच्या चौदाव्या वर्षी, तो इतर चार कोळ्यांबरोबर मासेमारीला गेला असता त्यांचे होडके वादळात सापडले आणि एका निर्जन बेटाला जाऊन लागले. तेथे कित्येक महिने त्यांनी पक्ष्यांच्या मांसावर आणि पावसाच्या पाण्यावर काढले. अखेरीस देवमाशांची शिकार करणाऱ्या एका अमेरिकन जहाजाने त्यांना वाचविले. कप्तान विल्यम व्हिटफील्ड याचा मांजिरोवर लोभ जडला. इतर चौघे हवाई बेटांवर उतरले. मांजिरो मात्र कप्तानाबरोबर १८४३ मध्ये अमेरिकेतील फेअरहेवन या गावी पोहोचला.

मांजिरोपाशी कोश नव्हता, व्याकरण नव्हते, गुरुजीही नव्हते. त्याच्यापाशी दोन कान होते. खलाशी दोर ओढताना काय ओरडतात, जेवताना काय मागतात, वारा पडला असता काय पुटपुटतात, हे तो ऐके आणि तसेच बोले. पुढे गावच्या शाळेत जाऊन त्याने मुळाक्षरांपासून सुरुवात केली आणि नौकानयनाचे गणितही शिकून घेतले. १८५१ मध्ये तो मायदेशी परतला. त्या काळी जपानमधून बाहेर जाणे हा देहान्ताचा अपराध होता. म्हणून त्याची फार दिवस कसून चौकशी झाली. पण दोनच वर्षांनी अमेरिकेची लढाऊ जहाजे जपानच्या किनाऱ्यावर येऊन उभी राहिली, आणि ज्याला अपराधी मानले होते, त्यालाच सरकारने राजधानीत बोलावून घेतले. १८५९ मध्ये मांजिरोने इंग्रजी संभाषणाचे एक छोटे पुस्तक तयार केले. त्यात इंग्रजी वाक्यांचे उच्चार त्याने जपानी अक्षरांत लिहिले आणि ते कसे लिहिले? कोशात असतात तसे नव्हे, तर जहाजावर त्याच्या कानांनी ऐकले होते तसे.

कानांवर भिस्त ठेवण्याची ही रीत जपानी लोकांना इतकी आवडली, की तिच्यातून एक विनोदी वाक्यही रूढ झाले आहे. "किती वाजले?" हे इंग्रजीत विचारावयाचे असेल, तर भरभर म्हणावे, "होत्ता इमो इजिरुना." जपानी भाषेत त्याचा अर्थ होतो, 'खणून काढलेल्या बटाट्यांना हात लावू नकोस'! पण इंग्रजाच्या कानांना ते "व्हॉट टाइम इज इट नाउ" असेच ऐकू येते, आणि तो घड्याळाकडे पाहतो.

दुसरे गृहस्थ मोठे पंडित होते. त्यांचे नाव फुकुझावा युकिची. त्या वेळी जपानी लोकांना युरोपातील राष्ट्रांपैकी फक्त डच लोकांशीच व्यापार करण्याची मुभा होती. म्हणून पाश्चात्त्य विद्या शिकणारे सारे विद्यार्थी डच भाषा शिकत. फुकुझावांनीही ओसाका येथे ओगाता कोआन या विद्वानाच्या पाठशाळेत रात्रंदिवस डच ग्रंथांचे अध्ययन केले. १८५९ मध्ये ते नव्याने खुल्या झालेल्या योकोहामा बंदरात फिरावयास गेले. पाहतात तो काय! दुकानांवरच्या पाट्या त्यांना वाचता येईनात, परदेशी व्यापाऱ्यांचे बोलणे त्यांना समजेना. तेथे इंग्रजीचे राज्य होते. इतक्या वर्षांचे श्रम पाण्यात गेले, असे त्यांना वाटले आणि ते खिन्न मनाने परतले.

पण ही खिन्नता एका रात्रीपुरतीच टिकली. दुसऱ्याच दिवशी त्यांनी इंग्रजी शिकण्याचा निश्चय केला. त्यांचे कित्येक सहाध्यायी मात्र नव्याने आरंभ करण्यास धजेनात. फुकुझावा कोशाच्या आधाराने शिकू लागले; पण उच्चार कोणाला विचारावयाचे? नागासाकीहून आलेल्या एका मुलाला थोडे इंग्रजी येते असे कळले, तेव्हा त्यांनी त्या मुलाकडून उच्चार शिकून घेतले. परदेशी जहाजांवर राहून परत आलेले खलाशी गावात उतरले, की ते त्यांच्याकडेही जात. एवढा मोठा पंडित लहान मुलाकडून अक्षर शिकतो, आणि त्याला त्याची यत्किंचितही लाज वाटत नाही, हे चित्र मला फार मोलाचे वाटते. पुढे त्यांना असेही आढळून आले, की डच आणि इंग्रजी या भाषा एकमेकींच्या नात्यातील आहेत, आणि पूर्वीचे श्रम मुळीच वाया गेलेले नाहीत.

१८६० मध्ये 'कानरिन मारू' हे जपानी जहाज अमेरिकेस गेले. त्यावर फुकुझावा होते, आणि दुभाषा म्हणून मांजिरोही होता. सान फ्रान्सिस्को शहरात त्या दोघांनीही इंग्रजीचा एक एक मोठा कोश विकत घेतला. फुकुझावांनी आपल्या आत्मचरित्रात लिहून ठेवले आहे, की तेथील यंत्रे पाहून ते विशेष चकित झाले नाहीत, कारण त्यांची माहिती ग्रंथांतून मिळालेली होती. त्यांना कोड्यात टाकले ते घरांतील साध्यासुध्या रीतींनी. ग्रंथांतून विज्ञान मिळाले होते. रोजचे जगणे मिळाले नव्हते. हेच फुकुझावा पुढे जपानचे थोर शिक्षक झाले. १९८४ पासून २०२४ पर्यंत निघालेल्या दहा हजार येनच्या नोटांवर त्यांचेच चित्र होते.

तिसरी गोष्ट त्यामानाने अलीकडची आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात जपानमध्ये इंग्रजीला शत्रूची भाषा मानीत. खेळातले इंग्रजी शब्ददेखील बदलले गेले. १९४५ च्या ऑगस्टमध्ये युद्ध थांबले, आणि त्याच वर्षी बाजारात आलेल्या अवघ्या ३२ पानांच्या एका इंग्रजी संभाषण-पुस्तिकेच्या ३० लाखांहून अधिक प्रती खपल्या. पुढील वर्षी, १९४६ च्या फेब्रुवारीत, हिराकावा तादाइची नावाचे गृहस्थ आकाशवाणीवरून इंग्रजीचे पाठ देऊ लागले. ते तरुणपणी अमेरिकेस गेले होते, आणि तेथे वयाने मोठे असूनही प्राथमिक शाळेत लहान मुलांच्या शेजारी जाऊन बसले होते. आपल्या पाठांतून ते मोठमोठे उतारे शिकवीत नसत. घरातील आईवडील आणि मुले एकमेकांशी जे बोलतात, तेच ते शिकवीत. तान्हे मूल आईच्या बोलण्याची नक्कल करते, तशी नक्कल करा, असे त्यांचे सांगणे असे. ज्या घरांत पोटभर जेवण मिळणे कठीण होते, त्या घरांतील माणसे हे पाठ आनंदाने ऐकू लागली.

या तिघांत साम्य कोणते? एक निरक्षर मुलगा, एक पंडित आणि एक आकाशवाणीवरचा शिक्षक. तिघांनीही एक गोष्ट केली: ते पुन्हा लहान झाले. परभाषा शिकावयाची, तर पुन्हा लहान व्हावे लागते. लहान मूल चुकते, लोक हसतात, आणि तेही त्यांच्याबरोबर हसून पुढचा शब्द बोलते. ज्याला लहान होण्याची लाज वाटते, त्याची भाषा कागदावरच राहते. त्याच्या खिशात परवाना असतो. गाडी मात्र अंगणातून हलत नाही.

यावर कोणी म्हणेल, "मग व्याकरण नको काय? पाठांतर नको काय?" तसे मुळीच नाही. मांजिरोने शाळेत जाऊन मुळाक्षरे गिरविली, आणि फुकुझावांनी कोश झिजविला. पाया हवाच. परंतु पाया घालून झाल्यावर घर न बांधता त्या पायाकडे पाहत बसणारा मनुष्य शहाणा म्हणता येणार नाही. नवा वाक्प्रचार शिकलात, की तो नुसता वहीत लिहून ठेवू नका. तो कोणत्या प्रसंगी वापरतात, कोणाशी बोलताना वापरतात आणि कोणाशी वापरीत नाहीत, हे पाहा. मग तो धीटपणे बोलून पाहा. जपानमध्येही आता हे ओळखले गेले आहे. २०२० पासून तेथील प्राथमिक शाळांत तिसरीपासूनच मुलांना गाणी, खेळ आणि संभाषण यांच्या द्वारे परभाषेची ओळख करून देतात.

दुसरा कोणी म्हणेल, "परक्यांचे वाक्प्रचार शिकून आपली भाषा बिघडेल." ही भीतीही मला खरी वाटत नाही; मात्र एक अट आहे. मांजिरो दहा वर्षांनी परतला, तेव्हा त्याला आपलीच भाषा नीट बोलता येईना. तेव्हा कावादा शोर्यो नावाच्या एका चित्रकाराने त्याला जपानी लिहावयास-वाचावयास शिकविले, आणि स्वतः त्याच्याकडून इंग्रजी शिकून घेतले. आपले घर सांभाळून दुसऱ्याच्या घरी जावे, ही ती अट. ती पाळली, तर जाणारा रिकाम्या हाताने परत येत नाही. 'एका दगडाने दोन पक्षी मारणे' ही म्हण इंग्रजीतून जपानी भाषेत गेली, आणि 'इस्सेकि-निचो' या चार अक्षरांत अशी बसली, की ती परकी आहे हे आज तेथील मुलांना सांगावे लागते. तिने जपानी भाषा बिघडली नाही; ती एका म्हणीने श्रीमंत झाली.

मुलांनो, तुम्हीही इंग्रजी शिकत आहात. तुमच्या वर्गात वाचावयास उभा राहिलेला एखादा मुलगा उच्चारात चुकेल. दुसऱ्या प्रांतातून आलेली एखादी मुलगी मराठी बोलताना 'बाळ' न म्हणता 'बाल' म्हणेल. त्या वेळी तुमच्या ओठांवर हसू येईल. ते हसू आवरा, आणि भाताची थाळी बोटाने दाखविणाऱ्या त्या माणसाची आठवण करा. एखाद्याची चूक सुधारणे हे मित्राचे काम आहे. त्याचे तोंड बंद करणे हे मित्राचे काम नव्हे.

आणि तुम्ही स्वतः चुकलात, तर? जपानी लोकांची एक म्हण आहे: 'माकडदेखील झाडावरून पडते.' झाडावर चढणे ज्याच्या जन्माचे काम, तेही केव्हातरी पडते. मग नुकतेच चढू लागलेल्यांनी पडण्याची लाज का धरावी? त्यांची दुसरी म्हण त्याहून धीर देणारी आहे: 'सात वेळा पडा, आठ वेळा उठा.' सात वेळा पडणारा आठ वेळा कसा उठेल, असा हिशेब कोणी हुशार विद्यार्थी विचारील. मला वाटते, पहिल्यांदा पडण्यापूर्वी चालण्यासाठी तो एकदा उठून उभा राहिला होता. तेवढे पहिले उठणे आपण केले, की पुढची सात आपोआप येतात.